गळ्यातले लोढणे

लोढणे हा शब्द आपण आता बहुधा माणसांसाठीच वापरतो. बिनकामाचा मेहुणा, न फिटणारे कर्ज, कुणीतरी अंगावर टाकलेले सार्वजनिक काम, ही सगळी गळ्यातली लोढणीच. पण खरे लोढणे लाकडाचे असते आणि ते ओढाळ गुराच्या गळ्यात असते. दुसऱ्याच्या शेतात तोंड घालायची खोड लागलेल्या गुराच्या गळ्यात दोरीने एक ओंडका अडकवतात. जनावर सावकाश चालले तर ओंडका नुसता लोंबतो. पळू लागले की तो गुडघ्यांवर आदळतो, आणि जनावर आपोआप आपल्या चालीवर येते. गुराला मारायला नको, शेजाऱ्याशी भांडायला नको. शिवाय आणखी एक गोष्ट साधते. ते लोढणे पाहिले की साऱ्या गावाला कळते, हे जनावर ओढाळ आहे हे त्याच्या धन्याला ठाऊक आहे. ‘मला काय माहीत?’ असे म्हणायची सोय त्याला उरत नाही.

वाचकांनी एवढे एक ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी हकीकत याच सोयीची आहे. दुसऱ्याच्या जनावराचा उपद्रव हे माणसांच्या भांडणाचे फार जुने कारण आहे. चोराशी भांडण झाले तर तो पळून जातो, शत्रूशी झाले तर लढाई होऊन संपते. शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून भांडण झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी तिथेच असतो, कुत्राही तिथेच असतो, आणि दिवाळीला त्याच घरी फराळाचे ताट पाठवायचे असते.

या भांडणाचा जुन्यात जुना लेखी निवाडा मातीच्या विटेवर मिळतो. बगदादच्या कडेला तेल हर्मल नावाचे टेकाड आहे. तिथे १९४५ पासूनच्या उत्खननात ज्या विटा निघाल्या, त्यांत एश्नुन्ना नावाच्या एका लहानशा राज्याचे कायदे कोरलेले होते. काळ सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्यात कुत्र्याचे एक कलम आहे. कुत्रा पिसाळलेला आहे, मोहल्ल्याच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तसे कळवले आहे, तरीही त्याने कुत्र्याला आवरले नाही, आणि कुत्रा माणसाला चावून तो माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी मोजून द्यावी. म्हणजे सुमारे एक तृतीयांश किलो चांदी. मेलेला माणूस गुलाम असेल तर पंधराच शेकेल. या शेवटच्या आकड्यावर मनुष्यजातीने मान खाली घालावी. पण पहिल्या भागाकडे पाहा. ‘मालकाला कळवले आहे’ हे शब्द कायद्यात घातले आहेत. कळवायचे कुणी, तर ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याने एकट्याने नव्हे, मोहल्ल्याच्या कारभाऱ्यांनी. ज्याने ही अट लिहिली तो नुसता पंडित नसावा. दारात जाऊन ‘तुमचा कुत्रा आवरा’ म्हणणे किती कठीण असते, हे त्याला चांगले ठाऊक असले पाहिजे.

त्यानंतर थोड्याच काळाने बाबिलोनच्या हम्मुरबीने मारक्या बैलासाठी असाच नियम केला. रस्त्याने चाललेल्या बैलाने एकाएकी कुणाला शिंग मारून ठार केले तर दावा चालायचा नाही. पण बैल मारका आहे असे मालकाला सांगून झाले असेल आणि त्याने शिंगांचा बंदोबस्त केला नसेल, बैलही बांधून ठेवला नसेल, तर अर्धा मीना चांदी द्यावी लागे.

आता लोढण्याकडे येऊ. अथेन्सच्या सोलनने इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी जे कायदे केले त्यांत एक असा होता, की चावऱ्या कुत्र्याला तीन हात लांबीच्या लाकडाचे लोढणे बांधून स्वाधीन करावे. प्लुटार्कने सोलनच्या चरित्रात हे दिले आहे आणि युक्ती चांगली आहे असा शेराही मारला आहे. इकडे इराणात पारशांच्या ‘वेंदिदाद’ ग्रंथाचा तेरावा अध्याय कुत्र्यांना वाहिलेला आहे. घराची आणि कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. पण न भुंकता चावणाऱ्या वेड्या कुत्र्याचे काय करायचे? तर त्याच्या गळ्यात लाकडाचा गळपट्टा घालून त्याला जखडून ठेवावे. तसे केले नाही आणि त्याने मेंढी मारली किंवा माणसाला जखमी केले, तर पहिल्या गुन्ह्याला उजवा कान, दुसऱ्याला डावा, मग पायांवर घाव आणि पाचव्याला शेपटी. सोलनची गाठ वेंदिदादशी पडली नसेल आणि आमच्या कुणब्याची दोघांशीही नाही. तरी तिघांच्याही हाताला लाकूडच लागले. मुक्या जनावराला अद्दल घडवता येत नाही, पण त्याची चाल कमी करता येते, एवढे शहाणपण ज्याला त्याला आपापल्या अंगणात सुचले असावे.

आपल्या स्मृतिकारांनी मात्र लाकूड सोडून थेट मालकाचा कान धरला. याज्ञवल्क्य सांगतो, की दाढांची किंवा शिंगांची जनावरे कुणावर धावून गेली असता, सोडवण्याची ताकद असूनही जो मालक सोडवत नाही, त्याला ‘प्रथम साहस’ हा दंड करावा. याज्ञवल्क्याच्या हिशेबाने तो दोनशे सत्तर पण होतो. आणि ज्याच्यावर जनावर धावले त्याने ओरडून मदत मागितली असेल तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच वळणाचा नियम आहे. ओरडण्याने दंड दुप्पट का व्हावा? कारण आरोळी ऐकल्यावर न कळण्याची सबब संपते. एश्नुन्नात जे काम मोहल्ल्याचे कारभारी करत, ते इथे एका घाबरलेल्या माणसाच्या आरोळीने केले आहे. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणनगरीत ‘मिताक्षरा’ लिहिली आणि जिच्या आधाराने महाराष्ट्रात शतकानुशतके वारसाहक्काचे तंटे तुटले, त्याच स्मृतीत हा नियम आहे. वारसाहक्काचे कलम सर्वांना पाठ. कुत्र्याचे कुणी उघडून पाहत नाही.

आणि का पाहावे? तक्रार घेऊन गेले की मालकाचे उत्तर ठरलेले असते. ‘तो काही करत नाही हो!’ कुत्रा पाळणाऱ्यांना हे वाक्य कोण शिकवतो कोण जाणे, पण सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या मालकांच्या तोंडी ते एकाच सुरात येते. कुत्र्याने समोरच्या माणसाचे धोतर दातांत धरलेले असले तरी येते.

आमच्या शाळेच्या वाटेवर एक घर होते. सहामाही परीक्षेच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की खालच्या आळीची पाच-सहा मुले रोज उशिरा येतात. विचारले तर सगळी गप्प. शेवटी एका चिमुरड्याने सांगितले, की त्या घराचे फाटक उघडे असते म्हणून ती ओढ्याच्या अंगाने फिरून येतात. पावसाळ्यात ओढा केवढा असतो हे मला ठाऊक होते. कुत्र्याच्या भीतीने मुले पाण्यात उतरत होती. मी एकटा गेलो नाही. आळीतल्या एका वृद्ध गृहस्थांना पुढे केले. मालक सज्जन होते. चहा झाला आणि चहाबरोबर ते वाक्यही आले: ‘अहो गुरुजी, तो काही करत नाही!’ आमचे आजोबा शांतपणे म्हणाले, ‘करत नसेल तर उत्तमच आहे. पण आज आम्ही दोघे तुम्हांला सांगून गेलो, एवढे असू द्या.’ बस्स, इतकेच. आठवड्याभरात फाटकाला कडी लागली. त्या घरची मंडळी पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाहीत. मग त्यांची नात माझ्या वर्गात आली आणि बोलणे सुरू झाले. आजोबांनी एश्नुन्नाचे नाव ऐकलेले असणे शक्य नव्हते.

मालकांच्या या वाक्यावर इंग्लंडात तर शतकानुशतके कायदाच उभा होता. कुत्रा चावला तर भरपाई मागणाऱ्याने आधी हे सिद्ध करायचे, की हा कुत्रा चावरा आहे हे मालकाला पूर्वीपासून माहीत होते. लोक थट्टेने म्हणत, की प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ आहे. त्यातली गंमत अशी, की १८६५ मध्ये पार्लमेंटने मेंढ्या आणि गुरे यांच्यापुरती ही अट काढून टाकली. कुत्र्याने मेंढी फाडली तर मालकाने मुकाट्याने भरपाई द्यायची; माणूस फाडला तर ‘मालकाला माहीत होते का?’ हा प्रश्न उभाच. मेंढ्यांचे मालक पार्लमेंटात होते आणि चावा घेतलेली माणसे बहुधा टपाल वाटत हिंडत होती, यापलीकडे मला याचे कारण दिसत नाही.

त्यामानाने आपल्याकडचा कायदा बरा निघाला. १८६० च्या दंडसंहितेतल्या २८९ व्या कलमाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने जनावराचा पुरेसा बंदोबस्त न ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. पहिला चावा माफ वगैरे काही नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम २९१ क्रमांकाने आहे, कैद तेवढीच आणि दंड पाच हजारांपर्यंत. गुरांसाठी १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा झाला. त्यातला मूळचा दर पाहण्यासारखा आहे: शेळी-मेंढीला एक आणा, गायीबैलाला चार आणे, म्हशीला आठ आणे आणि हत्तीला दोन रुपये. दोन रुपये भरून हत्ती सोडवून नेणाऱ्या मालकाचे चित्र मी वर्गात फळ्यावर काढतो, तेव्हा मुले खूश होतात. पण त्या यादीत कुत्रा नाही. गाय कोंडता येत होती, कुत्रा नाही. कुत्र्यासाठी मुंबईच्या सरकारने त्याआधीच वेगळा उपाय योजून पाहिला होता, आणि तो फार महागात पडला होता.

ती हकीकत सांगण्याआधी महाभारताची आठवण द्यावी लागते. आदिपर्वात, जनमेजयाच्या सर्पसत्राच्याही आधी, एका कुत्र्याची गोष्ट आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय यज्ञ करत असता तिथे एक कुत्रा आला. जनमेजयाच्या भावांनी त्याला बडवून काढले. तो रडत आई सरमेकडे गेला. तिने विचारले, तू काही अपराध केलास का? तो म्हणाला, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. सरमा यज्ञमंडपात गेली आणि एवढेच म्हणाली, की माझ्या पोराने काही केलेले नसता त्याला का मारले? कुणीही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी व्यासांनी ही फिर्याद का घातली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता मुंबई. साल १८३२. जानेवारीच्या सहा तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, ते हेच वर्ष. त्या काळी शहरात कुत्री उदंड होती आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जगात कुठेच इलाज नव्हता. चावा म्हणजे काही आठवड्यांनी पाण्याला भिऊन, तडफडून मरण. तेव्हा सरकारची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही. उन्हाळ्यातल्या ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारावीत असा नियम १८१३ पासूनच होता. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत.

सगळा घोटाळा या आठ आण्यांनी केला. मोकाट कुत्रा पकडायला त्याच्यामागे धावावे लागते; तो चावतोही. घराच्या ओट्यावर झोपलेला कुत्रा मात्र आठ आण्यांत फार स्वस्त पडतो. पोलिसांची माणसे घरांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागली. आणि कोटात वस्ती कुणाची? तर ज्यांच्याकडे जेवणाआधी कुत्र्याचा घास काढून ठेवायची चाल, ज्यांच्याकडे मृताचे अंतिम दर्शन कुत्र्याला घडवल्याशिवाय संस्कार पुरा होत नाही, त्या पारशांची. रोज चार घरचा घास खाणारा कुत्रा मोकाट की पाळलेला, हे आठ आणे मोजणाऱ्याने ठरवायचे! चावऱ्या कुत्र्याला लोढणे घालायला त्यांच्या धर्मग्रंथाची मुळीच ना नव्हती, हे वर आलेच आहे. पण त्यांना कुणी विचारलेच नाही. तुमचा कुत्रा कोणता, तो बांधून ठेवा, अमुक दिवसांनी सुटा दिसला तर मारू, अशी साधी दवंडी आधी नीट पिटली असती तरी पुढचे बरेचसे टळले असते, असे मला वाटते.

६ जून हा पारशांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कुत्री मारत फिरणाऱ्या दोघा गोऱ्या कॉन्स्टेबलांना जमावाने गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही या हरताळात होते. जीवदयेपुढे जातपात आडवी आली नाही. कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारा रोजचा शिधा जमावाने अडवला. सरकारला कुत्र्यांपेक्षा याची धास्ती अधिक वाटली असणार. कुत्री मारायला काढलेल्या हुकमातून पलटणीचा पाव बंद झाला! दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, फौज आली, धरपकड झाली, पुढे काहींना शिक्षाही झाल्या. पण तोडगा शेवटी बोलण्यातूनच निघाला. शहरातली वजनदार शेटमंडळी मध्ये पडली, अर्ज गेले, आणि कुत्री ठार मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत यावर गोष्ट आली.

न्यावीत, पण कुठे? याचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि शेट मोतीचंद अमीचंद, म्हणजे एक पारशी आणि एक जैन, अशा दोघांनी पुढाकार घेऊन पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरला आज तो गायींसाठी ओळखला जातो. वसुबारसेला तिथे सवत्स धेनूच्या दर्शनाला जाणाऱ्या आयाबहिणींपैकी कितीजणींना माहीत असेल, की त्याच्या पायाशी आठ आण्यांना विकला जाणारा एक कुत्रा आहे?

पुढे शहराशहरांतून पाळीव कुत्र्याला परवाना आणि गळ्यातल्या पट्ट्यात बिल्ला अशी पद्धत आली. एवढासा पत्र्याचा तुकडा; पण तो लोढण्याचाच नातू. या जनावराला धनी आहे आणि धन्याला ते मान्य आहे, एवढे तो सांगतो. १८३२ साली नेमके हेच कुत्र्याच्या गळ्यावर लिहिलेले नव्हते.

राहता राहिला तो चावा. त्याच्यावरचा इलाज ज्या चाव्यातून निघाला, तोही एका शेजाऱ्याच्याच कुत्र्याचा होता. ४ जुलै १८८५ च्या सकाळी अल्सेस प्रांतात जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेला एकटा चालला होता. व्होन नावाच्या एका वाण्याचा कुत्रा त्याच्या अंगावर आला. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. एका गवंड्याने लोखंडी पहार घेऊन कुत्र्याला हुसकले, तोवर चौदा जखमा झाल्या होत्या. कुत्रा घरी परतला आणि धन्याच्या दंडालाही झोंबला, तेव्हा धन्याने त्याला गोळी घातली. कुत्र्याच्या पोटात गवत, काड्या आणि लाकडाचे तुकडे निघाले. मग संशय उरला नाही.

दोन दिवसांनी, ६ जुलैला, पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेत तिघेजण येऊन उभे राहिले: मुलगा, त्याची आई आणि कुत्र्याचा मालक. पाश्चर काही डॉक्टर नव्हता. त्याची लस तोवर कुत्र्यांवरच चाललेली होती. त्याने आधी मालकाचा दंड पाहिला. दात सदऱ्याच्या पार गेला नव्हता. तुम्हांला भय नाही, तुम्ही घरी जा, असे त्याला सांगण्यात आले आणि तो परत गेला. मुलगा आणि आई मागे राहिली. त्या संध्याकाळी डॉक्टर ग्रांशे यांनी पहिली सुई टोचली. पुढच्या दहा दिवसांत मिळून तेरा सुया झाल्या. मुलगा दिवसा प्रयोगशाळेतल्या सशा-कोंबड्यांशी खेळे आणि रात्री गाढ झोपे. झोप लागत नव्हती ती पाश्चरला.

जोसेफ मायस्टर जगला. मोठेपणी तो त्याच पाश्चर संस्थेच्या दारावर राखणदार झाला.